साडेदहाची बेल

शेजारच्या घरात वाढदिवस किंवा साखरपुडा असला, की भिंतीला कान न लावताही एक गोष्ट लक्षात येते. गाणं कोणतं चाललंय ते कळत नाही. शब्द नाहीत, गायिकेचा गळा नाही, मधली बासरी नाही. येतो तो फक्त ठेका. धप्, धप्, धप्-धप्. पलीकडच्या हॉलमध्ये तीस माणसं ज्याला संगीत म्हणतायत, त्याचा गर त्यांच्याकडे राहतो आणि कोय तेवढी आपल्याकडे येते.

यजमानाला हे ठाऊक नसतं. रात्री साडेदहाला बेल वाजते, दारात खालच्या मजल्यावरचे काका उभे असतात आणि यजमान अगदी प्रामाणिकपणे म्हणतो, "अहो काका, आवाज तर केव्हाच कमी केलाय!" काका म्हणतात, "कसला कमी? पंखा हलतोय आमचा." दोघंही आपापल्या परीनं खरंच बोलत असतात. दोघांच्या मध्ये पाच-सहा इंचांचा स्लॅब आहे, आणि भांडण सगळं त्या स्लॅबचं आहे.

आपल्याकडच्या इमारतींत दोन फ्लॅटमधली भिंत बऱ्याचदा विटेची, दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली असते. बोलण्याचा आवाज ती चाळीसेक डेसिबलनं खाली आणते. डेसिबलचं मोजमाप आपल्या नेहमीच्या फुटपट्टीसारखं सरळ नाही. १० डेसिबल वाढले की आवाजातली ऊर्जा दहापट होते, कानाला मात्र तो साधारण दुप्पट मोठा वाटतो. तेव्हा ४० डेसिबलची घट म्हणजे ऊर्जेचा दहा हजारावा भाग उरला. शेजारच्या घरातल्या साध्या गप्पा आपल्याला ऐकू येत नाहीत त्या यामुळे. (ऐकू आल्या तर बिल्डरनं तिथे विटांऐवजी काय घातलंय याची चौकशी करायला हरकत नाही.)

पण भिंत हे काम सगळ्या आवाजांसाठी सारख्याच निष्ठेनं करत नाही. बासरी, टाळ्या, बायकांचा आणि मुलांचा आवाज या उंच पट्टीतल्या गोष्टी ती चांगल्या अडवते. खर्जापुढे मात्र ती ढिली पडते. ५० हर्ट्झच्या, म्हणजे ढोल किंवा बेस गिटारच्या पट्टीतल्या आवाजाची एक लाट जवळपास सात मीटर लांब असते. आपला हॉलच मुळी तेवढा नसतो. अशा संथ, लांब लाटेबरोबर भिंत आणि स्लॅब स्वतःच किंचित हलतात, आणि पलीकडच्या खोलीत तेच जणू स्पीकर होतात. म्हणून पलीकडे ठेका पोचतो, गाणं पोचत नाही.

त्यात स्पीकर जमिनीवर ठेवला असेल तर हवेची मध्यस्थीही लागत नाही. हादरा सरळ लादीत, लादीतून स्लॅबमध्ये, स्लॅबमधून खालच्या घराच्या छतात. नव्या टॉवरांमध्ये मायवान पद्धतीनं भिंती आणि स्लॅब एकसंध काँक्रीटमध्ये ओततात. तिथे आठव्या मजल्यावर कोणी ड्रिल चालवलं, की पाचव्या मजल्यावरचा माणूस 'हे वरच्याच घरात चाललंय' असं शपथेवर सांगतो. एकसंध काँक्रीटमधून कंपनं दूरवर जातात, आणि ती कुठून आली हे कानाला नीट ओळखता येत नाही. पार्टीनंतर भलत्याच घरावर राग निघतो तो असा.

उपाय फार खर्चिक नाहीत. स्पीकर जमिनीवरून उचलून लाकडी स्टुलावर ठेवायचा, खाली दोन-तीन घड्यांची गोधडी किंवा योगासनांची जाड चटई घालायची, तो शेजाऱ्यांच्या सामाईक भिंतीला टेकवायचा नाही, आणि फोनमधल्या इक्वलायझरवर बेस उतरवायचा. नुसता 'व्हॉल्यूम' कमी करून काकांचं समाधान होत नाही, कारण त्यांच्याकडे येतो तो बेसच. आपल्याला गाणं किंचित पातळ लागेल, एवढंच. नाचायचं असेल तर सतरंज्या अंथरायच्या. उड्या मारणाऱ्या माणसाचा आवाज खाली जातो तो टाचेच्या आघातातून. या बाबतीत आपली एक जुनी सवय नकळत शेजारधर्म पाळते. आपल्याकडे पाहुणे पायताणं दाराबाहेर काढून येतात. बुटांच्या टाचा घेऊन लादीवर नाचणाऱ्या समाजापेक्षा आपल्या खालच्या मजल्यावरचा माणूस थोडा सुखी असायला हरकत नाही. त्या पायताणांचा ढीग समोरच्यांच्या दारात जातो आणि जिन्याची वाट अडवतो, हा भाग वेगळा.

फोनमध्ये डेसिबल मोजायचं अ‍ॅप टाकून काकांना आकडा दाखवणारे यजमान मी पाहिले आहेत. आकडा खोटा नसतो, पण साक्षीदार म्हणून कच्चा असतो. अशी मापकं बहुधा 'ए' नावाच्या मापनपट्टीवर चालतात. माणसाच्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो, म्हणून ही पट्टी खर्जाला सूट देते. १०० हर्ट्झला सुमारे १९ डेसिबलची, ५० हर्ट्झला तब्बल ३० डेसिबलची. ज्या आवाजानं काका पलंगावर उठून बसले, तोच आवाज अ‍ॅप हिशेबातून बराचसा वगळतं. कायद्याची मर्यादाही याच पट्टीत दिलेली आहे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात हेच आकडे ५० आणि ४० होतात.

'दहापर्यंत काहीही चालतं' हा आपल्याकडचा एक लाडका गैरसमज. दिवसाच्या ५५ लाही नियमाचाच आधार आहे. २०१० च्या दुरुस्तीनं तर खासगी जागेतल्या ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर ठरलेल्या पातळीपेक्षा ५ डेसिबलहून अधिक वर जाता कामा नये, असंही स्पष्ट केलं. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक आणि वाद्यं बंद. अपवाद बंदिस्त सभागृहांसारख्या जागांचा, तोही आतल्या आत ऐकू येण्यापुरता. राज्य सरकारला वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस सणासमारंभांसाठी मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. सोसायटीची गच्ची काही बंदिस्त नसते. कोजागरीला तिथे दूध आटवावं, चंद्र बघावा, भेंड्या खेळाव्यात. पण माइक लावला तर आपल्या इमारतीतलं सर्वांत वरचं घर आणि समोरच्या इमारतीतली सगळीच घरं आपल्या दुधाशिवाय आपल्या कोजागरीत सामील होतात.

या निर्बंधांमागे एक दुःखद प्रकरण आहे, ते सांगायला हवं. सर्वोच्च न्यायालयाच्या ज्या निकालानं हे निर्बंध पक्के केले तो १८ जुलै २००५ चा. मूळ याचिकेत एका तेरा वर्षांच्या मुलीच्या बातमीचा उल्लेख होता. तिच्यावर अत्याचार झाला, तेव्हा तिनं मारलेल्या हाका आसपासच्या मोठ्या गाण्याबजावण्यात कोणाला ऐकूच गेल्या नाहीत. गोंगाट फक्त झोपमोड करतो असं नाही. तो इतरांचा आवाजही खाऊन टाकतो.

आता स्पीकर बंद केला, तरी पार्टी शांत होत नाही. उलट कधीकधी तेव्हाच ती खरी गाजायला लागते. एत्येन लाँबार या फ्रेंच डॉक्टरनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नोंदवलं, की भोवती आवाज वाढला की माणूस नकळत स्वतःचा आवाज चढवतो. त्याला ते कळतही नाही. म्हणून मागे मंद गाणं लावलेल्या खोलीत सगळे थोडं मोठ्यानं बोलतात, त्यामुळे शेजारचा घोळका आणखी मोठ्यानं, मग कोणीतरी गाणं ऐकू येत नाही म्हणून ते वाढवतं. गाणं वाढवणारा हात आणि आवाज चढवणारा गळा यांच्यातली ही स्पर्धा कोणीच मुद्दाम सुरू केलेली नसते.

१९५९ मध्ये विल्यम मॅक्लीन यांनी अमेरिकेतल्या ध्वनिशास्त्राच्या नियतकालिकात दोन पानांचं एक गमतीदार टिपण लिहिलं. विषय होता कॉकटेल पार्टीतला आवाज. त्यांच्या गणिताप्रमाणे दर खोलीसाठी पाहुण्यांची एक निर्णायक संख्या असते. तोपर्यंत पार्टी शांत राहते. त्यापुढे एखादाच पाहुणा वाढला की आवाज एकदम चढतो, लोक एकमेकांच्या जवळ सरकून ओरडायला लागतात, आणि मग कोणी निघून गेलं तरी पार्टी सहसा पुन्हा खाली येत नाही. ही संख्या खोलीच्या आकारावर अवलंबून असते आणि खोली किती आवाज शोषते यावरही. जाड पडदे, गाद्या, सोफा, उशा यांचा उपयोग इथे होतो. आपण मात्र माणसं मावावीत म्हणून नेमका सोफा बेडरूममध्ये ढकलतो, पडदे सरकवतो आणि उघड्या लादीवर खुर्च्या मांडतो.

पण मॅक्लीन यांच्या गणितातली मला सर्वांत कामाची वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. आवाज पाहुण्यांच्या संख्येपेक्षा एका वेळी किती जण बोलतायत यावर ठरतो. तीस माणसांचे दहा घोळके केले तर दहा तोंडं एकदम चालू. त्याच तीस जणांचं एकच वर्तुळ केलं तर बोलणारा एक आणि ऐकणारे एकोणतीस. आपल्या गप्पांचा फड, घरगुती मैफल, भेंड्या, हाऊजी हे सगळे एका बोलणाऱ्याचे खेळ आहेत. मधूनच हशा पिकतो, 'फुल हाऊस'ची आरोळी उठते, पण तो सतत चढत जाणारा कल्ला राहत नाही. साडेनऊला जेवणं उरकून पावणेदहाला सगळ्यांना हाऊजीची तिकिटं वाटणारी मावशी प्रत्येक घराण्यात एक तरी असते. तिला लाँबार आणि मॅक्लीन माहीत नसतात, काम मात्र ती त्यांचंच करत असते.

इतकं सगळं केल्यावरही काका येतात. का येतात, हे समजायला डेसिबल पुरत नाहीत.

डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी शहरी त्रासावर केलेल्या प्रयोगांचं पुस्तक १९७२ मध्ये आलं. त्यांनी लोकांना काम करताना कर्कश आवाज ऐकवला. काहींना तो ठरावीक अंतरानं, काहींना केव्हाही, कसाही. आवाज चालू असताना दोन्ही गटांनी काम बरं केलं. फरक नंतर पडला. अनियमित आवाज ऐकलेल्यांनी पुढची कोडी लवकर सोडून दिली आणि मुद्रितं तपासताना जास्त चुका केल्या. मग त्यांनी काही जणांच्या हाताशी एक बटण दिलं. फारच असह्य झालं तर हे दाबा, आवाज थांबेल, पण शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी ते दाबलं नाही. आवाज तितकाच, वेळ तितकाच. तरीही बटण असलेल्यांवर नंतरचा परिणाम बराच कमी दिसला. बटण न दाबताही त्यानं काम केलं.

खालच्या काकांकडे बटण नसतं. आवाज कशाचा, किती वाजेपर्यंत, कुणाला सांगायचं, यातलं काहीच त्यांना ठाऊक नसतं. अंथरुणावर पडून ते आवाज ऐकत नसतात, तो कधी संपेल याची वाट बघत असतात. दहाला संपेल असं वाटतं, दहाला नवं गाणं लागतं. सव्वादहाला टाळ्या वाजतात, वाटतं आता झालं, तर ती केक कापण्याची सुरुवात निघते. साडेदहाची बेल या तासाभराच्या वाट पाहण्याची असते.

जुन्या चाळीत हे बटण घराघरात होतं, फक्त त्याला पातेलं म्हणत. बारशाच्या आदल्या दिवशी शेजारून मोठं पातेलं, पाट, परात मागून आणावी लागे. मागायला गेलेल्या बाईला, कशाला हवंय, किती माणसं, केव्हा, सगळं सांगावंच लागे. पंगत गॅलरीत बसे आणि आपल्याच परातीत मळलेलं पीठ बघत शेजारीण पोळ्या लाटायलाही येई. तिनं तक्रार कशाची करायची? पुढे फ्लॅट आले, केटरर आले, डिस्पोजेबल ताटल्या आल्या. शेजारून काही मागायची गरज उरली नाही, आणि मागण्याबरोबर जाणारी बातमीही थांबली. चाळीतलं सगळंच गोड होतं असं मला म्हणायचं नाही. तिथे खासगीपणा नव्हता आणि वैरंही पिढीजात चालत. पण अचानक काही कानावर आदळत नसे.

आता पातेल्याचं काम आपल्याला मुद्दाम करावं लागतं. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फुग्यांचं चित्र टाकून 'कोऑपरेट करा' लिहिणं म्हणजे ते काम नव्हे. ती घोषणा झाली. निरोप असा असावा:

"नमस्कार. शनिवारी आमच्याकडे मुलीचा वाढदिवस आहे. संध्याकाळी सात ते अकरा. तीसेक माणसं येतील. गाणी दहाला बंद होतील. काही त्रास झाला तर या नंबरवर फोन करा, भावाकडे असेल तो. – ७०२"

यात कारण आहे, संपण्याची वेळ आहे आणि बटण आहे. बटण यजमानाच्या भावाकडे, कारण यजमानाचा फोन त्या वेळी बेडरूममध्ये चार्जिंगला लावलेला असतो आणि त्यावर उशांचा ढीग असतो. सांगितलेली वेळ पाळण्याजोगी असावी. दहा लिहून साडेअकरा करण्यापेक्षा अकरा लिहून पावणेअकराला आवरलेलं बरं. चार घरांना मात्र प्रत्यक्ष जाऊन सांगावं. आधी खालचं, मग ज्यांची बेडरूम आपल्या हॉलच्या भिंतीला लागून आहे ते, मग वरचं आणि समोरचं. मिठाई न्यायची तर आदल्या दिवशी न्यावी. दुसऱ्या दिवशी नेलेल्या गुलाबजामांना दंड भरल्याचा वास येतो.

'याच हं तुम्हीही' म्हणावं का? बोलवायचं असेल तर वेळेसकट बोलवावं, नाहीतर म्हणू नये. मोघम आमंत्रण आपल्याकडे सगळ्यांना वाचता येतं.

सांगायला गेल्यावर आपल्यालाही काही कळतं, आणि ते जास्त महत्त्वाचं. फेब्रुवारी-मार्चमध्ये कुणाकडे बारावी आहे. कुणाची लेक बाळंतपणाला आली आहे. कुणी रात्रपाळी करून दिवसा झोपतं, म्हणजे त्याच्यासाठी आपली दुपारची डोहाळजेवणाची गाणीच मध्यरात्रीची आहेत. आणि कुणाच्या घरी सुतक आहे. तेराव्याच्या आत शेजारी स्पीकर लावू नये, असं कुठल्याच पोटनियमात लिहिलेलं नाही, पण ते घर ही गोष्ट वीस वर्षं विसरत नाही. स्वतः विचारायला संकोच वाटला तर घरकामाला येणाऱ्या मावशींना विचारावं. सेक्रेटरीपेक्षा त्यांच्याकडची माहिती ताजी असते.

पार्टीचा सर्वांत गोंगाटाचा भाग बऱ्याचदा घरात घडतच नाही. तो घडतो निरोपाच्या वेळी, लिफ्टपाशी. मराठी माणूस घरातून उठतो साडेदहाला, दारात चप्पल घालतो पावणेअकराला, आणि संध्याकाळभर न सुचलेला विषय त्याला लिफ्टचं बटण दाबल्यावर सुचतो. 'येतो हं' तीनदा होतं, कारण 'जातो' म्हणायचं नसतं. जिना आणि लॉबी म्हणजे लादी, काँक्रीट आणि लोखंडी दारं. आवाज शोषणारं तिथे काही नाही, तो वरखाली घुमतो. त्यात लिफ्ट सहा माणसांची, पाटीवर ४०८ किलो लिहिलेलं. तीस जण एकदम निघाले की पाच फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीच्या वाट पाहण्यात एक लहान पार्टी. म्हणून निरोप घरात, दार लावून घ्यावा. माणसं टप्प्याटप्प्यानं सोडावीत. पानसुपारी किंवा कॉफी शेवटी ठेवली की आपोआप तसं होतं. खाली गाडीपाशी हॉर्न आणि 'पोचल्यावर फोन कर' तेवढं राहतं. पार्किंगचं वॉचमनला आधी सांगितलं असेल आणि त्याला जेवणाचं ताट पोचलं असेल, तर पाहुण्यांच्या गाड्या कोणाच्या जागेत गेल्या याचा शोध रात्री बाराला लागत नाही.

माझ्या वडिलांच्या साठीशांतीला यातलं एकही मी केलं नव्हतं. संध्याकाळी नातेवाईक जमले, भाच्यानं मोठा स्पीकर आणला, मी तो जमिनीवर, अगदी भिंतीला टेकवून ठेवला. साडेदहाला बेल वाजली. पुढे वर्षभर खालचे काका लिफ्टमध्ये माझ्याकडे न बघता मजल्यांचे आकडे बघत राहिले.

मुलीच्या वाढदिवसाला मी आदल्या दिवशी त्यांच्याकडे गेलो. वेळ सांगितली, नंबर दिला, पेढे दिले. काकांनी पेढे घेतले, बोलले काहीच नाहीत. शनिवारी स्पीकर स्टुलावर, स्टुलाखाली आजीची गोधडी. दहाला दहा कमी असताना भावाकडचा तो फोन वाजला. मी धावत गेलो, तोंडावर 'सॉरी काका' तयार.

"ते मघाशी लावलं होतं ते गाणं कुठलं?" काका म्हणाले. "आमच्यात अर्धा तास वाद चाललाय. खाली नुसतं धप् धप् येतं."